बारा जर्सींची गोधडी

जुन्या कपड्यांचं काय करावं, हा प्रश्न वरवर पाहता घरच्या बाईमाणसांचा आणि बोहारणीचा वाटतो. पण मुळात तो तत्त्वज्ञानाचा आहे. निदान आम्हां खानदेशी माणसांना तरी हे निराळं सांगायला नको. अमळनेरला कापडाची गिरणी काढणाऱ्या प्रताप शेठजींनी 1916 साली त्याच गावात तत्त्वज्ञानाची संस्थाही काढली. माणसाच्या अंगावर कापड आलं की पाठोपाठ डोक्यात प्रश्न येतात, हे त्या दूरदर्शी गृहस्थांनी ओळखलं असावं.

आमचा प्रश्न असा होता. शिरपुरातल्या आमच्या गल्लीच्या कबड्डी संघाच्या जर्सी पंचवीस वर्षं एका पत्र्याच्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्या हुंगत पडल्या होत्या. सात मैदानात आणि पाच राखीव, असे आम्ही बारा जण. बारा नंबर माझा. राखीव खेळाडूची जर्सी नेहमीच उत्तम स्थितीत असते. माझ्या जर्सीची तर इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती. कुणीतरी सुचवलं, ह्यांची एक गोधडी शिवू या. झालं! अरुणावतीच्या काठी एका धुळीत लोळलेल्या माणसांचे लगेच दोन तट पडले.

एका तटाचं म्हणणं, कात्री लावली की जर्सी राहिली कुठं? उरली ती चिंधी. दुसऱ्या तटाचं म्हणणं, ट्रंकेत ठेवून तरी कुठं राहिली आहे? आमचं पोट तरी तिच्यात शिरतं का?

हा वाद जुना आहे. ‘मिलिंदप्रश्न’ ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, तू रथातून आलास म्हणतोस, तर रथ कोणता तो दाखव. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला ‘नाही’ म्हणतो आणि शेवटी कबूल करतो, की ह्या सगळ्यांच्या जुळणीला रथ हे नुसतं नाव आहे. संघाचंही तेच. जर्सी म्हणजे संघ नव्हे, नंबर म्हणजे संघ नव्हे, आणि बारा नंबर म्हणजे तर मुळीच नव्हे! जुळणी मोडली, पोरं पुण्याला, सुरतेला गेली, तेव्हाच संघ गेला. मग निदान कापडाची तरी जुळणी का करू नये?

पण इथं माझ्यातला बी.कॉम. जागा होतो. आमच्या आजीनं आठवण जपायची म्हणून लुगडं कधी फाडलं नाही. लुगडं फाटलं म्हणून तिनं गोधडी शिवली. वरून लुगडं, आत आजोबांचं धोतर, काकांचा सदरा. कडेनं धावदोरा घालत घालत मध्यापर्यंत यायचं. वरचं कापड विरलं की त्याच्यावर दुसरं. त्या व्यवहारात ऊब हे मुद्दल आणि आठवण हे व्याज. आमच्या बेतात आठवण हेच मुद्दल, आणि ऊब मिळाली तर मिळाली. अर्थात हेही काही जगावेगळं नाही. 1987 साली वॉशिंग्टनच्या मैदानावर एड्सनं गेलेल्या माणसांच्या नावांची गोधडी अंथरली होती. तीन फूट बाय सहा फुटांचे 1,920 तुकडे, माणूस झोपेल एवढे. ती गोधडी थंडीसाठी नव्हती. ह्या माणसांना विसरू नका, एवढं सांगण्यासाठी होती.

गोधडी शिवणाऱ्या मावशींनी मात्र तत्त्वज्ञान बाजूला ठेवून जर्सी ताणून पाहिली. ‘‘भाऊ, हे रबरासारखं ताणतं. आधी मागून मांजरपाट लावा, मग कापा. आणि इस्त्री गरम नको, नंबर इस्त्रीला चिकटून येईल.’’ मग म्हणाल्या, ‘‘अकराच आहेत की! बारावी कुठंय?’’

सगळे गप्प झाले. बारावी म्हणजे तीन नंबर. आमचा कोपरा सांभाळणारा. त्यानं घोटा धरला की समोरचा सुटत नसे. आजारानं त्याचा धरला, तो मात्र सुटला नाही. जर्सी त्याच्या आईकडे होती. आपल्या हौसेसाठी एका आईकडं तिच्या मुलाचं कापड मागावं का? आणि न मागता अकराचीच गोधडी शिवून त्याला वगळावं का? नागसेनानं ह्याचं काही उत्तर दिलेलं नाही.

शेवटी दोघं जाऊन भीत भीत विचारून आलो. काकू म्हणाल्या, ‘‘ती? ती मागंच फाटली, बाबा. माझ्या गोधडीत घातली मी.’’ आणि कॉटवरच्या गोधडीचा कोपरा उलटून दाखवला. विटलेला तीनचा आकडा तिथं होता. ट्रंक नाही, डांबराच्या गोळ्या नाहीत, वाद नाही. त्या रोज ती पांघरून झोपतात.

बँकेत दोन वर्षं खातेदारानं खात्यावर व्यवहार केला नाही, तर खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं कुणी विचारलंच नाही, तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. आठवणीचंही तसंच असावं. पंचवीस वर्षं आम्ही आमच्या खात्याला हात लावला नव्हता. काकूंचं खातं रोज चालू होतं. वापरानं झिजेल ह्या भीतीनं ठेवून दिलेली वस्तू झिजत नाही हे खरं, पण ती आपली राहते का? घसारा लागतो तो चालत्या यंत्राला. त्याचं वाईट वाटून यंत्र बंद ठेवणारा कारखानदार मी अजून पाहिलेला नाही.

आता गोधडी तयार आहे. चार-चार चौकोनांच्या तीन ओळी. तीन नंबरच्या जागी कोरा मांजरपाट आहे. काकूंची जर्सी काकूंकडेच शोभते. गोधडीची मालकी ‘आयदर ऑर सर्व्हायवर’ ठेवली आहे. ती वापरायची, धुवायची, आणि विरली की वरून नवं कापड घालायचं, असा ठराव एकमतानं मंजूर झाला आहे. दर महिन्याला ती घर बदलते. जानेवारीत, पारा उतरला की तिच्यासाठी पकडापकडी होते आणि जुने गडी आपले जुने पराक्रम सांगून हक्क दाखवतात. मे महिन्यात, शिरपूर भट्टीसारखं तापलेलं असताना, ती हमखास राखीव खेळाडूकडे असते.