चौथी सीट

बदलापूर गाडीच्या सेकंड क्लासात बाक तिघांचा असतो आणि बसतात चौघं. चौथ्याचं निम्मं अंग बाकावर, निम्मं वाटेत. कल्याण येईपर्यंत मांडी बधिर होते. तरी दीड तास उभं राहण्यापेक्षा ते बरं, म्हणून त्या चौथ्या सीटसाठीसुद्धा माणसं धावत्या गाडीत उड्या टाकतात.

९ जुलै २०२५, बुधवार. पाऊस लागून राहिला होता. बदलापूरच्या फलाटावर त्र्याहत्तर वर्षांचे आबा नातवाचा दंड धरून उभे होते. काखेत प्लास्टिकची पिशवी, आत गिरणीचं हजेरी कार्ड, ईएसआयचे कागद आणि फंडाची एक जीर्ण पावती. आझाद मैदानात गिरणी कामगार घरांच्या मागणीसाठी जमणार होते. नातू दादरपर्यंत सोबत करणार आणि तिथून लोअर परळला कामावर जाणार होता.

गाडी आली ती भरूनच. उल्हासनगर-अंबरनाथची माणसं सकाळी उलटी बदलापूरला येतात आणि न उतरता तशीच बसून राहतात. त्यांना इकडे ‘रिटर्नवाले’ म्हणतात. त्यांचंही खोटं नाही, अंबरनाथला दारात पाय ठेवायला जागा नसते. पण गाडी सुटते बदलापूरहून, आणि बदलापूरकरच उभा.

खिडकीशी एक पोरगा डोळे मिटून बसला होता. नातवाच्याच वयाचा.

“उठ. ही बदलापूर गाडी आहे.”

“पास मीपण काढलाय.”

नातवाने त्याची कॉलर धरली. मागून दोन-चार आवाज चढले, “खाली उतरवा सगळ्यांना!” ऑगस्ट २०२२ मध्ये साध्या लोकलच्या जागी एसी लोकल सोडल्या, तेव्हा याच स्टेशनात पासवाले संतापून जमले होते. मध्य रेल्वेला वाढवलेल्या दहा एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. नातू त्या गर्दीत होता. अर्जांना उत्तर येत नाही, अडवलं की येतं, एवढं तो त्या दिवशी शिकला. पोरांनी असं शिकावं याची मला भीती वाटते. आणि त्यांना दुसरं काही शिकवायला आपण काय केलं, हा प्रश्न त्याहून अवघड वाटतो. कारण रोज सकाळी हाताशी येते ती शेजारच्याचीच कॉलर.

आबांनी नातवाचं मनगट धरलं. जोर फारसा नव्हता, पण त्याने कॉलर सोडली. आबा त्या पोराला म्हणाले, “उठू नकोस. सरक जरा.” तो सरकला, पलीकडचे दोघेही सरकले. आबा चौथ्या सीटवर टेकले.

“कुठं राहतोस रं?”

“अंबरनाथला. भाड्यानं.”

“आधी?”

“उल्हासनगर, कॅम्प चार. बिल्डिंग खाली केली.”

पोरगा सिंधी होता, मराठी मात्र इथल्या शाळेतली. त्याचे आजोबा फाळणीत सगळं सोडून कल्याणच्या लष्करी छावणीत आले. त्या छावणीचं १९४९ साली उल्हासनगर झालं. एका बराकीत अनेक कुटुंबं, मध्ये गोणपाटाचे पडदे. पडद्यापलीकडे मूल रडलं की अलीकडची बाई उठायची, असं आजी सांगायची म्हणे. वडिलांनी नव्वदच्या दशकात दुकानातली सगळी कमाई घालून तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. त्या काळातल्या किती इमारतींत निकृष्ट उल्वा रेती मिसळली होती, ते लोकांना कळलं मे २०२१ मध्ये, पंधरा दिवसांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं गेली तेव्हा. मग नोटिसा आल्या. याची बिल्डिंग रिकामी झाली. घर गेलं, कर्ज राहिलं.

नातू दांडी धरून उभा राहून ऐकत होता. त्याचं घर अकरा महिन्यांच्या करारावर. दर करारात भाडं वाढतं, डिपॉझिट वाढतं.

उल्हासनगर मागे पडलं. आबा सांगू लागले. “लालबागला आमचा गाळा होता. दहा बाय बाराचा. माणसं अठरा. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच वळकटीवर. कुणी म्हणायचं नाही, वळकटी माझी.” मग ते त्या पोराकडे वळले. “ठाण्यापर्यंत तू बस. ठाण्याला हा बसंल.”

ठाण्याला पोरगा पुन्हा न सांगता उठला. नातू बसला. बसल्यावर मात्र त्याला खाली बघावंसं वाटलं. चुरगळलेली कॉलर आता त्याच्या डोळ्यांसमोर होती.

“आबा, शेलू-वांगणीची घरं घेऊन टाका की,” तो हळूच म्हणाला. “साडेनऊ लाखात मुंबईजवळ दुसरं काय मिळणार?”

बदलापूरच्या पुढची स्टेशनं ती. सरकारने तिकडे ८१ हजार घरांची योजना आखली होती. कामगारांचं म्हणणं एकच, आम्हाला मुंबईत द्या. हा हट्ट नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुढे गिरण्या गेल्या तरी जमिनी होत्याच. १९९१ च्या नियमात त्यांचे तीन वाटे होते: एक मालकाला, एक महापालिकेला, एक म्हाडाच्या घरांना. २००१ मध्ये नियम फिरवला. बांधकामाखालची जमीन हिशेबातून वगळली आणि वाटणी फक्त मोकळ्या जागेची उरली. गिरणीत मोकळी जागा असते किती? आबांच्या गिरणीच्या आवारात आज काचेचा टॉवर आहे. त्याच गेटातून नातू रोज आत जातो. आबांची तिथं अंगझडती व्हायची, याची बॅग तपासतात.

आबांनी पिशवी मांडीवर घेतली, ओली कड पुसली.

“मला काय, मी वांगणीतबी मरंन. पर आम्ही लालबाग सोडलं तवा गप सोडलं. भांडलो नाही. म्हणून तुझा बाप अंबरनाथच्या चाळीत वाढला, तू बदलापुरात. आता मी वांगणीला हो म्हटलं, तर तुझ्या पोराला कुठं धाडायचं? कर्जतला? त्याच्यापुढं तर घाटच हाय.”

कुर्ला गेलं. पाऊस खिडकीच्या पत्र्यावर वाजत होता. नातवाने डबा उघडला, चपातीची गुंडाळी मोडून अर्धी वर धरली. पोराने ती घेतली.

दादर आलं. फलाटावर टोपीवाले चार-पाच म्हातारे मैदानात सोबत जायला आबांची वाट बघत होते. पोराला पुढे मशीद बंदरला उतरायचं होतं. गर्दीतून वाट काढणाऱ्या आबांकडे बघत त्याने विचारलं,

“आबा, मैदानात किती वाजेपर्यंत आहात?”