पाचवे कारण

7 जून 2021 रोजी मुळशी तालुक्यात उरवडे येथे पाणी शुद्ध करण्याची रसायने बनवणाऱ्या एका कारखान्याला आग लागली आणि 17 कामगारांचा मृत्यू झाला. त्यांत बहुतेक महिला होत्या. पुढे 8 ऑक्टोबर 2023 च्या रात्री ताथवड्यात टँकरमधून सिलिंडरमध्ये चोरून गॅस भरला जात असताना एकामागून एक सिलिंडर फुटले, जवळ उभ्या असलेल्या शाळेच्या बस जळाल्या. माणूस मात्र एकही दगावला नाही. (ताथवडे आता पिंपरी-चिंचवड महापालिकेत असले तरी महसुली दप्तरात ते मुळशीचेच.) पहिल्यासारख्या घटनेला आपण ‘दुर्दैवी’ म्हणतो आणि दुसऱ्यासारखी सांगताना ‘सुदैवाने’ हा शब्द आपोआप येतो. बातमीत हेच, शोकसभेत हेच, सरकारी निवेदनातही हेच. शोक करणाऱ्याच्या तोंडी हा शब्द शोभतो, त्याला तेवढाच आधार उरलेला असतो. पण गॅसच्या टाकीचा मालक, तिची तपासणी करणारा निरीक्षक आणि तालुक्याचे प्रशासन यांच्या तोंडी तो शोभतो का? हा प्रश्न कायद्याचा आहेच, पण त्याआधी तो धर्मविचाराचा आहे. दैव हा शब्द आपण तिथूनच उचलला, आणि उचलताना त्याच्या अटी मात्र तिथेच ठेवून आलो.

त्या अटी गीतेच्या अठराव्या अध्यायात सापडतात. कोणतेही कर्म सिद्धीस जाण्यासाठी पाच कारणे लागतात असे तिथे सांगितले आहे: अधिष्ठान, कर्ता, करणे म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा, आणि पाचवे दैव. दैव नाकारलेले नाही, पण ते एकटे कुठेच उभे नाही. त्याच्या आधी चार कारणांची मोजदाद आहे. ज्वलनशील गॅसच्या साठ्यावर ही चारही कारणे बोट ठेवून दाखवता येतात. टाकी कोणत्या जमिनीवर, कोणत्या उतारावर, वस्तीपासून किती अंतरावर आहे, हे अधिष्ठान. शिफ्टवरचा माणूस शिकवलेला आहे की काल दुसऱ्या खात्यातून आणून उभा केलेला आहे, हा कर्ता. व्हॉल्व्ह, होज, गॅस्केट, गॅसचा सुगावा लागताच वाजणारी यंत्रणा, ही करणे. टँकर लावताना चाकांना अडण घातली का, अर्थिंग जोडले का, कोणता व्हॉल्व्ह आधी उघडला, या चेष्टा. शंकराचार्यांनी अधिष्ठानाचा अर्थ शरीर असा केला आहे, तेव्हा मी तो शब्द जागेपर्यंत ताणतो आहे हे कबूल. तरी मूळ मुद्दा त्याने बिघडत नाही: पहिल्या चार कारणांचा हिशेब दिल्याशिवाय पाचव्याचे नाव घेण्याचा अधिकार गीता कोणाला देत नाही. दोनच श्लोक पुढे केवळ एकालाच कर्ता मानणाऱ्याची बुद्धी अपक्व ठरवली आहे. तिथला संदर्भ आत्म्याच्या अकर्तेपणाचा आहे. पण चौकशी अहवालात सगळा दोष शेवटी व्हॉल्व्हला हात लावणाऱ्या कामगारावर टाकण्याची जी रीत आहे, तिलाही तो श्लोक लागू पडावा असे मला वाटते.

गॅस कसा वागतो ते पाहिले की ही चार कारणे किती भरीव आहेत ते कळते. द्रवरूप एलपीजी बाहेर पडला की त्याची वाफ सुमारे अडीचशे पट जागा व्यापते. ही वाफ हवेपेक्षा जड असते, त्यामुळे ती वर उडून जात नाही. जमिनीलगत सरकते, गटारात, तळघरात, चरात साचते. मुळशीसारख्या डोंगराळ भागात याचा अर्थ उघड आहे: गॅस पाण्याच्या वाटेने जातो, आणि पाण्याच्या वाटेवर खाली ओढा असतो, ओढ्याकाठी घरे असतात. थंडीतल्या निवांत पहाटे, वारा पडलेला असताना, तो बराच वेळ तसाच रेंगाळतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण दोन ते दहा टक्क्यांच्या दरम्यान आले की एक ठिणगी पुरते, मग ती मोटारसायकलची असो वा विजेच्या बटणाची. मूळ गॅसला वासही नसतो. घरगुती सिलिंडरचा तो ओळखीचा उग्र वास मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा असतो, आणि उद्योगाला लागणाऱ्या काही गॅसमध्ये तोही नसतो. टाकी आगीत सापडली तर आतला द्रव उकळतो, वरचा कोरडा पत्रा तापून मऊ होतो, आणि सुरक्षा व्हॉल्व्ह नीट चालत असतानाही टाकी फाटते. यातले काहीही गूढ नाही. उपायही गूढ नाहीत: टाकी मातीच्या ढिगाऱ्याखाली पुरणे, जमिनीला टाकीपासून दूर नेणारा उतार देणे, लांबून बंद होणारा व्हॉल्व्ह बसवणे, पाण्याचे फवारे तयार ठेवणे, आणि वाळलेले गवत वेळेवर कापणे. शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त आहे.

फ्रान्समधल्या फेझँ येथे 4 जानेवारी 1966 रोजी प्रोपेनच्या गोलाकार टाकीतून साचलेले पाणी काढताना एकाखाली एक असलेले दोन व्हॉल्व्ह चुकीच्या क्रमाने उघडले गेले. बर्फ जमून ते अडकले, बंद होईनात. गॅसचा ढग जवळच्या रस्त्यावर गेला आणि एका मोटारीने तो पेटवला. आग विझवायला आलेल्यांनी जवळचे पाणी शेजारच्या टाक्या थंड करण्यावर खर्च केले, कारण जळणाऱ्या टाकीला तिचा सुरक्षा व्हॉल्व्ह वाचवील अशी त्यांची समजूत होती. टाकी फुटली. 18 माणसे गेली, त्यांत अग्निशमन दलाचे जवानही होते. हे फार दूरचे वाटत असेल तर ताम्हिणी घाट उतरून रायगड जिल्ह्यात जावे. नागोठण्याच्या गॅस संकुलात 5 नोव्हेंबर 1990 रोजी इथेन आणि प्रोपेनची गळती होऊन स्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसे मेली.

इथे एक खरा तात्त्विक आक्षेप उभा राहतो, आणि तो मालकांच्या वकिलांपेक्षा पुष्कळ जुना आहे. तपासणी केली नाही, तालीम घेतली नाही, गॅस्केट बदलले नाही. ही सगळी ‘न करणे’ आहेत. न करणे म्हणजे अभाव. अभावातून भाव कसा निर्माण होईल? नित्यकर्म न केल्याने पाप लागते या मीमांसकांच्या मताविरुद्ध शंकराचार्यांनी गीताभाष्यात हेच हत्यार उपसले आहे: जे केलेच नाही, त्यातून दोषासारखी भावरूप वस्तू जन्मेल कशी? हाच युक्तिवाद आजच्या भाषेत केला तर तो असा होतो: स्फोट गॅसने केला, आम्ही तर काहीच केले नाही.

याचे उत्तर न्यायदर्शनात मिळते, आणि योगायोग असा की तिथले उदाहरणही आगीचेच आहे. विश्वनाथ पंचाननाच्या ‘न्यायसिद्धान्तमुक्तावली’त सुरुवातीलाच ही चर्चा येते. अग्नीजवळ एक विशिष्ट मणी ठेवला की अग्नी जाळत नाही, तो काढला की जाळतो, असे धरून चालले आहे. मीमांसक म्हणतात, अग्नीत दाहशक्ती नावाची वेगळी वस्तू आहे आणि मणी ती नष्ट करतो. नैयायिक म्हणतात, एवढ्याची गरज नाही. जळण्याच्या कारणांत अग्नी आहे, इंधन आहे, आणि प्रतिबंधकाचा अभावही आहे. म्हणजे मणी नसणे हेसुद्धा जळण्याचे एक कारण आहे. असा मणी जगात आहे की नाही याच्याशी मला कर्तव्य नाही, आणि बहुधा नैयायिकांनाही नव्हते. त्यांनी मांडलेली गोष्ट मोलाची आहे: जिथे एखादी शक्ती स्वभावतःच बाहेर पडायला टपलेली आहे, तिथे तिला अडवणारी वस्तू नसणे ही रिकामी जागा राहत नाही, ते कार्याचे पूर्ण दर्जाचे कारण होते. दाबाखाली कोंडलेला गॅस हे अशा शक्तीचे आदर्श उदाहरण आहे. तो रोज, प्रत्येक क्षणी, बाहेर पडू पाहतो. त्याच्यापुढे ‘आम्ही काही केले नाही’ याचा अर्थ ‘आम्ही मणी ठेवला नाही’ एवढाच होतो, आणि मणी ठेवण्याचे काम ज्याने पत्करले होते, त्याच्यापाशी कारण येऊन थांबते.

नैयायिक याहून एक पाऊल पुढे जातात. मणी जागेवर आहे, तरी आग जाळते, असेही कधी घडते. तेव्हा ते म्हणतात, शेजारी दुसरे काहीतरी ठेवलेले असणार, मण्याला निष्प्रभ करणारे. त्याला त्यांनी ‘उत्तेजक’ असे नाव दिले. कारखान्यातला माणूस हे लगेच ओळखेल. त्याच्या भाषेत याला बायपास म्हणतात. सारखा वाजतो म्हणून बंद केलेला अलार्म, दुरुस्तीसाठी सोडवून ठेवलेली आणि पुन्हा न जोडलेली लाईन, कागदावर चालू आणि प्रत्यक्षात वाळू साचलेला पंप. भोपाळचा वायू ज्वलनशीलतेमुळे नव्हे, विषारीपणामुळे घातक ठरला, पण डिसेंबर 1984 च्या त्या रात्रीचे चित्र नेमके हे आहे. टाकी थंड ठेवणारी शीतयंत्रणा काही महिन्यांपूर्वीच बंद केली होती, वायू जाळून टाकणारा मनोरा नळीच्या दुरुस्तीसाठी तोडलेला होता, वायू धुऊन काढणारी यंत्रणा राखीव अवस्थेत होती. मणी सगळे होते. तपासनिसाच्या यादीत प्रत्येकापुढे खूण करता आली असती.

आता मीमांसकांकडे परत येतो, कारण या प्रकरणात त्यांचे एक म्हणणे मला शंकराचार्यांपेक्षा जवळचे वाटते. काम्य कर्म केले तर फळ. नित्यकर्म केले तर वेगळे फळ नाही, न केले तर मात्र प्रत्यवाय, म्हणजे दोष. सुरक्षेचे काम असेच असते. ते उत्तम झाले तर दिसते काय? काहीच घडले नाही, एवढेच. उत्पादन वाढवणाऱ्याला बक्षीस मिळते. वीस वर्षे एकही गळती होऊ न देणाऱ्याचा खर्च कपातीच्या बैठकीत निघतो. ज्या कर्माचे फळ ‘न घडणे’ आहे ते फळाच्या आशेवर टिकत नाही, म्हणून त्याला विधीचे बळ लागते. यावर कोणी म्हणेल की विधी हाच तर रोग आहे. दसऱ्याला यंत्रांना हार घालायचे, वर्षातून एकदा सत्यनारायण करायचा, आणि देव सांभाळील म्हणायचे. आक्षेप खरा आहे, पण अर्धा. 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनी हात पुढे करून घेतली जाणारी शपथ आणि आठवडाभर आधी सूचना लावून, चहाची सोय करून, छायाचित्रासाठी घेतलेले मॉक ड्रिल हेही त्याच जातीचे विधी आहेत. त्यांत देव नाही एवढाच फरक. खंडेनवमीला शस्त्र पुजण्याआधी ते घासून-पुसून धार लावण्याची रीत होती. ती रीत गेली आणि हळदकुंकू उरले, तर दोष हळदकुंकवाचा कसा?

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. शून्य धोका कोणीच देऊ शकत नाही. फार अडवणूक केली तर कारखाने जातील आणि पिरंगुट-उरवड्याच्या पोरांचा रोजगारही जाईल. शून्य धोका नसतो, हे मी मान्य करतोच. पाचवे कारण मी खोडलेले नाही. उलट माझा मुद्दा त्यावरच उभा आहे. गळती टाळण्याची व्यवस्था ही पहिल्या चार कारणांसाठी असते. गळती झालीच तर काय करायचे याची तयारी, म्हणजे भोंगा, वाऱ्याची दिशा दाखवणारे कापड, कोणत्या रस्त्याने पळायचे, शाळा कोण रिकामी करणार, चूल आणि वीज कोणी बंद करायला सांगायची, ही पाचव्यासाठी असते. दैव मनापासून मानणाऱ्याने तर ती तयारी अधिक कसोशीने केली पाहिजे. आपल्या हिशेबाबाहेर काही आहे असे ज्याला खरोखर वाटते, तो बाहेर पडायचा दरवाजा मोकळा ठेवतो. दरवाजापुढे मालाची पोती रचून दैवावर हवाला ठेवणारा माणूस दैववादी नव्हे, निष्काळजी आहे. रोजगाराबद्दल एवढेच म्हणतो की ताथवड्यातला प्रकारही कोणाचा तरी रोजगारच होता.

न्यायालयाने हा विचार आपल्या वाटेने केला आहे. दिल्लीत 4 डिसेंबर 1985 रोजी झालेल्या ओलियम वायूच्या गळतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1986 मध्ये निर्वाळा दिला की घातक उद्योग चालवणाऱ्याची जबाबदारी निरपवाद आहे. जुन्या इंग्रजी न्यायात अशा वेळी ‘ईश्वरी करणी’ हा सुटकेचा एक मार्ग होता. आपल्या न्यायालयाने तो बंद केला. निधर्मी न्यायपीठाने देवाचे नाव पुढे करण्यास मनाई केली, आणि माझ्या मते गीतेचीही मनाई तीच आहे. त्यानंतर 1989 च्या नियमांनी ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त घातक रसायन साठवणाऱ्याला आवाराच्या आतली आपत्ती योजना बंधनकारक केली आणि तिची तालीम दर सहा महिन्यांनी घ्यायला लावली. आवाराबाहेरच्या योजनेची तालीम वर्षातून किमान एकदा घेण्याची जबाबदारी प्रशासनावर आहे. शेजारी राहणाऱ्यांना धोक्याचे स्वरूप आणि त्या वेळी काय करायचे, काय टाळायचे, हे आधीच सांगणे हेही त्याच नियमांत आहे.

शेवटची तरतूद मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि मुळशीला तिचे मोल समजायला हवे. 1921 मध्ये सेनापती बापटांसोबत इथले मावळे धरणाविरुद्ध उभे राहिले, तेव्हा त्यांचा मूळ सवाल हाच होता की आमच्या जमिनीवर काय यायचे हे आम्हाला न विचारता कोण ठरवतो. ओढ्याकाठच्या घराने टाकी निवडलेली नाही. त्या घरावर जे येईल ते त्याचे प्रारब्ध म्हणणे म्हणजे एकाचे कर्म दुसऱ्याच्या खात्यावर मांडणे होय. लोकांना सांगितले तर घबराट पसरेल, असे अधिकारी म्हणतात. न सांगितलेले लोक वास आल्यावर दिवा लावून बघायला जातात, ही घबराटीपेक्षा वाईट गोष्ट आहे. तेव्हा मुळशीतल्या ज्या गावाच्या शिवेवर असा साठा आहे, त्या गावाने येत्या ग्रामसभेत दोन प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्यावेत: बाहेरच्या योजनेची शेवटची तालीम कोणत्या तारखेला झाली, आणि तेव्हा गावातल्या कोणाला बोलावले होते?