औषध ज्यानें घ्यावयाचें त्याला विचारावें काय?

लहान मुलांवर नव्या औषधाची परीक्षा करावयाची असल्यास आईबापांची संमति घ्यावी, हें आतां सर्वमान्य झालें आहे. परंतु ज्याच्या अंगांत तें औषध जावयाचें, त्या मुलालाही कांहीं विचारावें कीं नाहीं? आणि विचारावयाचें तर केव्हां? सर्व ठरल्यावर, कीं ठरविण्यापूर्वीं? हा प्रश्न केवळ डॉक्टरांचा नाहीं. ज्यांच्या घरीं किंवा शाळेंत मुलें आहेत त्या सर्वांचा आहे.

कोणी म्हणतील, "आईबापांनीं सही केली म्हणजे झालें." तर मग न्यूयॉर्क शहरांतील विलोब्रुक ह्या संस्थेंत काय घडलें तें पाहा. तेथें सन १९५६ पासून कित्येक वर्षें, बुद्धीची वाढ खुंटलेल्या मुलांना काविळीची बाधा मुद्दाम करून त्या रोगाचा अभ्यास करण्यांत आला. आईबापांच्या सह्या घेतलेल्या होत्या. त्या अभ्यासापासून ज्ञान मिळालें हें खरें. तरी पुढें पुष्कळ विचारी लोकांनीं त्यास दोष दिला, कारण सही असूनही मुलांचा उपयोग एखाद्या साधनासारखा झाला होता. तेव्हां आईबापांची संमति अवश्य आहे, पण ती पुरेशी नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, "पोरांना काय कळतें?" औषधांत कोणतें द्रव्य असावें हें मुलास कळत नाहीं, हें कबूल. पण तें घशाखालीं कां उतरत नाहीं, हें त्याच्यावांचून कोणास कळणार? हिंवतापावर आर्टेमेथर व लुमेफॅन्ट्रीन ह्यांची गोळी गुणकारी आहे, परंतु ती कडू. लहान मुलाला ती कुटून द्यावी लागे. आणि ओकून टाकलेलें औषध कितीही गुणकारी असलें तरी व्यर्थच. म्हणून पाण्यांत विरघळणारी नवी गोळी तयार करितांना टांझानिया देशांतील सात ते दहा वर्षांच्या निरोगी मुलांना स्ट्रॉबेरी, संत्रें व चेरी अशा तीन चवी चाखावयास देऊन त्यांचें मत घेण्यांत आलें. सन २००९ त चेरीच्या चवीची गोळी निघाली.

परंतु चवीपाशींच थांबून चालणार नाहीं. रक्त किती वेळां काढणार, शाळा किती दिवस बुडणार, आजारी मुलाला सर्वांत अधिक त्रास कशाचा होतो, हें संशोधनाचा बेत आंखतांनाच मुलांना विचारलें पाहिजे. इंग्लंडांत ह्या कामासाठीं मुलांचीं व तरुणांचीं सल्लागार मंडळें आहेत. तीं असे बेत आधीं वाचतात, आणि मुलांसाठीं लिहिलेली माहिती मुलांना खरोखर समजेल कीं नाहीं, तें सांगतात.

ह्याचा अर्थ निर्णयाचा भार मुलाच्या माथीं टाकावा असा नव्हे. संयुक्त राष्ट्रांनीं १९८९ त मान्य केलेल्या बालहक्कांच्या करारांत असें म्हटलें आहे कीं, मुलास आपलें मत मांडण्याचा हक्क आहे, व वय आणि समज पाहून त्या मतास वजन द्यावें. भारतानें तो करार १९९२ त स्वीकारला. वजन देणें म्हणजे हुकूम मानणें नव्हे. कांहीं चुकलें तर जबाबदारी वडील माणसांचीच.

खरी अडचण निराळीच आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणें सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी, व त्यापुढें अठरा वर्षांपर्यंत लेखी मान्यता घ्यावयाची असते. पण डॉक्टर, मास्तर आणि बाप असे तिघे पुढें उभे असतां खेड्यांतलें कोणतें मूल "नाहीं" म्हणेल? तें मान डोलावील, परंतु ती संमति नव्हे, आज्ञापालन होय. वडिलांचें ऐकावें ही शिस्त आपणच मुलांना लाविली. तिचाच लाभ घेऊन त्यांचा होकार मिळविणें हा अन्याय आहे.

म्हणून, बंधुभगिनींनो, गांवांत अशा कामासाठीं मंडळी आली, तर मुलाला त्याच्या विश्वासाच्या माणसाजवळ बसवून मोकळेपणीं बोलूं द्या. "तूं नाहीं म्हटलेंस तरी कोणी रागावणार नाहीं," हें त्याला आधीं सांगा, आणि तें खरें करून दाखवा. आलेल्या मंडळींसही विचारा कीं, मुलांच्या सांगण्यावरून तुम्हीं आपल्या बेतांत काय बदललें, आणि शेवटीं काय निष्पन्न झालें तें मुलांना येऊन कळवाल काय? ज्या मुलाचें बोलणें ऐकून घेऊन पुढें कोणी कांहींच कळविलें नाहीं, तें मूल दुसऱ्या वेळीं गप्प बसेल. आणि कदाचित् आपलें दुखणेंही लपवील.