ज्यूरी गेली, प्रश्न राहिला

२२ जुलै १९०८ रोजी रात्री मुंबई उच्च न्यायालयात टिळकांना राजद्रोहाबद्दल दोषी ठरवण्यात आले. ज्यूरीतल्या सात युरोपियनांनी दोषी म्हटले, दोन पारशांनी निर्दोष. १८९७ च्या खटल्यातही सहा युरोपियन एकीकडे आणि तीन हिंदी दुसरीकडे होते. पुरावा सर्वांनी एकच ऐकला होता.

ते सात जण अप्रामाणिकच होते असे मी म्हणणार नाही. मुजफ्फरपूरला क्रांतिकारकांनी टाकलेल्या बॉम्बने गोरा समाज धास्तावलेला होता. खटला ज्या लेखांवरून झाला ते टिळकांच्या ‘केसरी’तले, मराठीतले. खास ज्यूरीत युरोपियनांचेच बहुमत होईल आणि त्यांना मराठी कळणार नाही, हा टिळकांच्या बाजूचा आक्षेप फेटाळला गेला. मग भाषांतरे कुठे चुकली, हे त्याच माणसांना पटवण्यासाठी टिळक एकवीस तासांहून अधिक बोलले. जे मराठी वाचकाला सरकारवरची टीका वाटे, ते भीतीने वाचणाऱ्याला चिथावणी वाटत होते.

पण नुसत्या वंशावरून मत सांगता येत नाही. १९०८ चा खटला चालवणारे न्यायमूर्ती दिनशा दावर पारशीच. १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून तेच उभे राहिले होते आणि आता सहा वर्षांची शिक्षाही त्यांनीच सुनावली. कुठल्या खुर्चीत बसलो आहोत, हेही माणसाला घडवते.

न्याय कोण करतो यावर निकाल अवलंबून असतो, हे इंग्रजांना चांगले ठाऊक होते. हिंदी न्यायाधीशांना युरोपियनांचे खटले चालवू देणाऱ्या इल्बर्ट विधेयकावरच्या गदारोळानंतर १८८४ च्या कायद्याने युरोपियन आरोपीला निम्मी तरी युरोपियन किंवा अमेरिकन ज्यूरी मागण्याचा हक्क मिळाला. आपल्यासारख्यांनीच आपला न्याय करावा, ही सोय त्यांनी स्वतःपुरती ठेवली. पुढे स्वातंत्र्यानंतर, नौदल अधिकारी नानावटी यांच्या खून खटल्यात ज्यूरीचा आठ विरुद्ध एक असा निर्दोषत्वाचा कौल उच्च न्यायालयाने उलटवला, आणि १९७३ च्या फौजदारी संहितेत ज्यूरीला जागाच उरली नाही.

ज्यूरी परत आणावी असे मला वाटत नाही. जातीपातीत वाटलेल्या गावात बारा पंच बसवणे मला धोक्याचे वाटते. मात्र ज्यूरीबरोबर पूर्वग्रहही गेला, हे समाधान खोटे आहे. आमच्या बालाघाट जिल्ह्यात बैहरकडचा बैगा किंवा गोंड माणूस कोर्टात उभा राहतो, तेव्हा कामकाज हिंदीत चालते. तो उत्तराआधी थांबला, नजर खाली ठेवली, दिवसाची वेळ घड्याळाऐवजी सूर्यावरून सांगितली, तर त्याला खोटा साक्षीदार समजणे किती सोपे आहे! आरोपीला न कळणारी साक्ष त्याला कळणाऱ्या भाषेत समजावण्याची तरतूद कायद्यात आहे. पण ती पाळायला त्याची बोली जाणणारा माणूस तिथे हजर हवा.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये, केवळ वंशावरून ज्यूरीतून नावे वगळायला सरकारी वकिलांना मनाई केली. आपल्याकडे वगळायला यादीच नाही. म्हणून न्यायाधीश कोण होतात, सरकारी वकील कोण, दुभाषी कोण, हे विचारावे लागते. बैहर-परसवाड्याच्या शिकलेल्या पोरांना दुभाषी म्हणून रीतसर नेमणे, वकिलीच्या शिक्षणासाठी त्यांना हात देणे, याला नवा कायदाही लागत नाही.