वॉर्डातील एकजूट

रुग्णालयाच्या वॉर्डात एका रुग्णामागे डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता, तंत्रज्ञ, वॉर्डबॉय असे अनेक हात राबतात. जामसांवलीच्या निद्रिस्त हनुमंताला साकडे घालून मध्य प्रदेशातील सौंसर-पांढुर्ण्याकडचे एखादे कुटुंब आजाऱ्याला नागपूरच्या मेडिकल रुग्णालयात आणते, तेव्हा त्याची भिस्त या सगळ्यांवर असते.

चूक मात्र पुष्कळदा यांपैकी दोघांच्या मधल्या जागेत होते. पाळी बदलताना काही सांगायचे राहून जाते, फोनवरून सांगितलेला डोस भलताच ऐकला जातो. त्यावरचे उपाय साधे आहेत. पाळी बदलताना खाटेजवळ उभे राहून रुग्णाची माहिती सोपवायची. तोंडी सांगितलेला डोस ऐकणाऱ्याने लिहून घ्यायचा आणि परत वाचून दाखवायचा.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी सूची दिली. त्या सूचीनुसार चीर देण्यापूर्वी पथकातील प्रत्येक जण आपले नाव आणि काम सांगतो. २०१० मध्ये याच संघटनेने निरनिराळ्या आरोग्यशाखांच्या विद्यार्थ्यांनी एकत्र बसून एकमेकांकडून शिकण्याचा आराखडा मांडला. अशा शिक्षणातून नवख्या परिचारिकेलाही वरिष्ठांना "थांबा, केसपेपरवर ॲलर्जी लिहिली आहे" असे सांगण्याचे धैर्य येते, आणि वरिष्ठांना ते ऐकण्याची सवय लागते. उपचाराचा निर्णय डॉक्टरचा असला, तरी धोका दिसताच बोलणे हे पथकातील प्रत्येकाचे काम ठरते.