परवान्याची किंमत

जर्मनीत मीटरच्या पुढची वायरिंग नव्याने टाकायची किंवा बदलायची असेल, तर ते काम घरातल्या हुशार मेहुण्याकडे सोपवता येत नाही. वीजजाळे चालवणाऱ्या कंपनीच्या यादीत ज्या व्यवसायाचे नाव आहे त्यानेच ते करायचे, असा तिथला नियम आहे. आणि या धंद्यात स्वतःची पाटी लावायची तर सहसा ‘माइस्टर’ लागतो. आधी साडेतीन वर्षांची उमेदवारी, मग कारागिराची परीक्षा आणि त्यानंतर माइस्टरची चार भागांची परीक्षा: हातचे काम, त्यामागचे शास्त्र, हिशेब-कायदा आणि चौथा भाग म्हणजे शिकाऊ पोरांना कसे शिकवायचे. धंदा उघडण्याच्या अटीत दुसऱ्याला घडवता येणे धरलेले आहे, हे मला या सगळ्यात सर्वांत लक्षणीय वाटते.

ही अट टिकवून धरण्यात मोठा हात आहे तो फ्रँकफुर्टमधल्या एका संघटनेचा. तिचे जर्मन नाव लांबलचक, आद्याक्षरे झेडव्हीईएच. विद्युत आणि माहिती-तंत्राच्या कारागीर व्यवसायांचा हा राष्ट्रीय संघ. वायर, स्विच, पॅनेल बनवणाऱ्या कारखानदारांची संघटना वेगळी. इथे आहेत ते बनवलेला माल भिंतीत बसवणारे. असे व्यवसाय देशभरात सुमारे ४९ हजार आणि त्यांत काम करणारे पाच लाखांच्या आसपास. म्हणजे सरासरी दुकान दहा माणसांचे. एवढ्याशा दुकानाला मंत्रालयात कोण विचारणार? म्हणून गावपातळीवर ‘इन्नुंग’ ही कारागीर मंडळी, तिच्या वर राज्यसंघ आणि सर्वांत वर हा केंद्रीय संघ. इन्नुंगचे सभासदत्व ऐच्छिक आहे. तिला मात्र कायद्याने सार्वजनिक संस्थेचा दर्जा दिला आहे आणि कारागीर चेंबरने अधिकार दिला तर कारागिराची परीक्षाही ती घेते.

आता यावर सरळ आक्षेप आहे. आत असलेल्यांनीच दरवाजा सांभाळायचा आणि त्याला ग्राहकाची सुरक्षा म्हणायचे, ही मक्तेदारीच नाही का? आक्षेप जुना आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकनांनी आपल्या ताब्यातल्या जर्मन भागात माइस्टरची सक्ती काढून टाकली होती. १९५३ च्या कारागीर कायद्याने ती देशभर परत आणली आणि १९६१ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ती वैध ठरवली. २००४ मध्ये सरकारने पुन्हा कात्री चालवली. ९४ धंद्यांपैकी ५३ मोकळे केले, ४१ राखले. राखताना दोन गोष्टी पाहिल्या: चुकीच्या कामाने जीव जाण्याचा धोका आणि त्या धंद्यात पोरे किती शिकवली जातात. वीजकाम राखलेल्यांत राहिले. सहा वर्षे काम केलेल्या आणि त्यांतली चार जबाबदारीच्या जागेवर काढलेल्या कारागिराला माइस्टर न होताही धंद्याची वाट मिळाली, पण दरवाजा काही निघाला नाही.

मोकळ्या झालेल्या फरशीवाल्यांचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. दुकाने भराभर वाढली, त्यांतली पुष्कळशी एकट्या माणसाची. शिकाऊ उमेदवार मात्र घटले. जो एकटाच साइटवर राबतो तो पोराला हाताखाली कधी घेणार? दोष सगळा कायद्याचा नव्हता. त्याच वर्षी युरोपीय संघ पूर्वेकडे विस्तारला आणि तिकडचे स्वयंरोजगारी कारागीर मोठ्या संख्येने आले. पण शिकवणे घटले, ते घटलेच. २०२० मध्ये बारा धंद्यांना सक्ती परत लावली गेली, त्यांत फरशीवाले होते. पिंप बनवणारेही होते आणि लाकडी खेळण्यांचे कारागीरही! पिंपाने कोणाचा जीव धोक्यात येतो हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही. संघटना बळकट झाल्या की सुरक्षेच्या छत्रीखाली कोण कोण येऊन उभे राहते, ते इथे दिसते.

तरी वीजवाल्यांच्या संघाच्या बाजूने एक गोष्ट बोलते. ही मालकांची संघटना; मजुरी कमी राहावी असे तिला वाटायला हवे. पण आयजी मेटाल या कामगार संघटनेशी ती स्वतः किमान वेतनाचा करार करते आणि सरकार तो सर्व वीज-व्यवसायांना, सभासद नसलेल्यांनाही, बंधनकारक करते. २०२५ मध्ये देशाचे किमान वेतन ताशी १२.८२ युरो होते. साइटवर वीजकाम करणाऱ्याचे १४.४१. यात परोपकार नाही. कमी पगारावर माणसे राबवून टेंडर पाडणाऱ्याला आवरायचे, हा रोखठोक हिशेब आहे. पण अशा स्वार्थातून त्या वर्षी कामगाराच्या हातात ताशी दीड युरो जास्त पडला असेल, तर तो स्वार्थ मला चालेल.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. परवानाधारक ठेकेदार, सुपरवायझर, वायरमनचा परमिट, टेस्ट रिपोर्ट, विद्युत निरीक्षक, सगळे आहे. आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन ट्रेड आहे, १९६१ चा अप्रेंटिस कायदा आहे. ठेकेदारांच्या संघटनाही आहेत. पण घरात पाऊल न टाकता सही झालेला टेस्ट रिपोर्ट कसा मिळतो, हे फ्लॅट घेतलेल्या कोणालाही विचारा. अर्थिंगची तार नुसती बोर्डापर्यंत आणून सोडलेली असते आणि कागदावर सगळे ठीक असते. नियम मोडला गेला म्हणून ज्याचा धंदा बुडेल असा कोणी आपल्याकडे तक्रारीला उभा राहत नाही. तिकडे परवानाधारकाला त्या परवान्यासाठी वर्षे आणि पैसे मोजावे लागले आहेत, म्हणून तो उभा राहतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात इलेक्ट्रिशियन आहेत. आपला मुलगा तिकडे जाईल, जर्मन शिकेल, आपले प्रमाणपत्र त्यांच्या मापाने मोजून घेईल, नोकरी करील. स्वतःची पाटी लावायची वेळ आली की माइस्टरचा प्रश्न समोर येईल आणि तोवर त्याच्या हाताखाली तिथली पोरे शिकत असतील. मग इथल्या पोरांना कोण शिकवणार? माझ्या मते ठेकेदारांच्या संघटनांनी थकलेली बिले आणि परवान्याचे नूतनीकरण यांपलीकडे जाऊन शिकाऊ उमेदवारांची परीक्षा घेण्याची जबाबदारी सरकारकडे मागून घ्यावी. जबाबदारीशिवाय मागितलेले संरक्षण मिळू नये, आणि ग्राहकानेही ते देऊ नये.

यंदा घरात वायरिंगचे काम काढलेत तर ठेकेदाराला परवाना क्रमांक विचाराच. शिडी धरून उभ्या असलेल्या पोराचे नाव अप्रेंटिस म्हणून कुठे नोंदवले आहे का, हेही विचारा.