औषध थांबविणे म्हणजे माणूस टाकणे काय?

आजाऱ्याला औषध द्यावे, हे कोणाला शिकवावे लागत नाही. परंतु औषध केव्हा देऊ नये, हे कोणी आणि कशावरून ठरवावे, हा प्रश्न कठीण आहे. ज्याला आपले दुखणे सांगता येत नाही, पोटच्या लेकरांची नावेही आठवत नाहीत, अशा वृद्धाच्या बाबतीत तर तो फारच कठीण होतो.

अमेरिकेत ‘नर्सिंग होम’ म्हणजे आपल्याकडील खासगी इस्पितळ नव्हे. तेथे परावलंबी वृद्ध बहुधा अखेरपर्यंत राहतात, व त्यांत स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, झालेले पुष्कळ असतात. बॉस्टनच्या परिसरातील अशा गृहांचा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंश अखेरच्या टप्प्यास पोहोचलेल्या २१४ जणांची त्यात नोंद होती. जे वारले त्यांपैकी सुमारे ४२ टक्क्यांना शेवटच्या दोन आठवड्यांत अँटिबायोटिक औषधे दिलेली होती. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात ३५ गृहांतील ३६२ रहिवासी होते. औषध सुरू करण्यास जी किमान लक्षणे हवीत, ती औषध दिलेल्या प्रसंगांपैकी ४४ टक्के प्रसंगीच आढळली.

असे का व्हावे? आजीबाई एके दिवशी जेवत नाहीत, चिडतात. लघवी तपासावयास जाते, जंतू सापडतात, गोळ्या सुरू होतात. परंतु अशा गृहांतील स्त्रियांपैकी पाव ते निम्म्या जणींच्या लघवीत काही त्रास नसतानाही जंतू असतात, आणि तेवढ्यासाठी औषध देऊन लाभ होत नाही. चिडण्याचे कारण तहान असेल, बद्धकोष्ठ असेल, झोपमोड असेल, एखादी नवी गोळीही असेल. जंतू सापडले की हा शोध थांबतो. औषध मिळाले, पण तहान तशीच राहिली!

शिवाय औषधाने अपाय होतो. आतड्यातील उपयोगी जंतू मरतात आणि काहींना जिवावर बेतणारे जुलाब लागतात. औषधाला दाद न देणारे जंतू वाढतात व शेजारच्या खाटेपर्यंत पोहोचतात. पेनिसिलिनचे शोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच, नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानात, या धोक्याची सूचना दिली होती. म्हणजे एकाच्या समाधानासाठी दिलेल्या गोळीची किंमत दुसरा मोजतो.

तरीही प्रश्न येथे संपत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अशा वृद्धांना न्युमोनिया झाला असता औषध मिळालेले अधिक दिवस जगले, परंतु त्यांच्या जिवाला स्वस्थता कमी लाभली, असे दिसले. येथे शास्त्र आपल्यापुढे दोन्ही पारडी ठेवते. निवड मात्र आपणच करावयाची असते. ज्याला अजून नातवंडाचा स्पर्श सुखावतो, त्याच्या खऱ्या रोगावर औषध अवश्य द्यावे. ‘आता काय उरले आहे’ असे म्हणून उपचार नाकारणे हा अन्यायच होय. परंतु जो अखेरच्या वाटेवर आहे, त्याच्या वाळलेल्या हातात सुया टोचून चार दिवस वाढविणे, हे त्याच्यासाठी की आपल्यासाठी? ‘आम्ही काही कमी केले नाही’ असे नातेवाइकांना सांगता यावे, म्हणून तर नव्हे?

वाचकहो, थांबणे म्हणजे हात जोडून बसणे नव्हे. ताप मोजणे, घोटभर पाणी पाजणे, कूस बदलणे, ओठ ओले करणे, वेदना शमविणे, एक-दोन दिवस बारकाईने पाहणे, हे गोळी देण्याहून अधिक कष्टाचे काम आहे. बॉस्टनच्याच परिसरातील २८ गृहांत सेवकांना प्रशिक्षण व कुटुंबांना माहिती-पुस्तिका देऊन पाहिले. २०२१ साली त्याचा निष्कर्ष आला: औषधांचा वापर घटलेला दिसला, पण खात्रीने म्हणावे इतका नाही. सवय आणि भीती केवळ शिकवणीने जात नाहीत.

म्हणून हा विचार प्रसंग येण्यापूर्वीच व्हावा. आईवडील बोलू शकतात तोवर त्यांना विचारावे: अखेरीस तुम्हांला काय हवे? डॉक्टरांना विचारावे: या औषधाने त्यांना आराम पडेल काय? आणि आजाऱ्याच्या भेटीस जाणाऱ्यांनी ‘औषध का देत नाही?’ असे त्या थकलेल्या सुनेला विचारण्याऐवजी रात्री दोन तास तिच्या जागी बसावे.